धुरावरचा चिकन ब्रेस्ट कोरडा का पडतो, आणि रसाळ कसा राहतो

खान्देशात चिकन म्हटलं की रस्सा. काळा मसाला, वर तेलाची तर्री, बाजूला कळण्याची भाकर आणि फोडलेला कांदा. रश्शात ब्रेस्टचा तुकडा थोडा चोथट झाला तरी कुणी कुरकुर करत नाही, कारण घास रश्शात बुडूनच तोंडात जातो. त्यामुळे ब्रेस्ट कोरडा पडणं ही आपल्याकडे कधी अडचणच नव्हती. आता ती झाली आहे. जिमला जाणाऱ्या पोरांना नुसता ब्रेस्ट हवा असतो, आणि परदेशात राहून परतलेल्या कुणाच्या तरी सामानातून पेलेट ग्रिल नावाचं, लाकडाच्या कांड्या जाळून त्यांच्या धुरावर मांस शिजवणारं यंत्र जळगाव-धुळ्याच्या एखाद्या गच्चीवर येऊन बसतं. यंत्र महागाचं, चिकन ताजं, धूर भरपूर, आणि ताटात येतो तो गिळताना पाणी मागणारा तुकडा.

मग जो तो धुराला दोष देतो, नाहीतर मसाल्याला. दोघंही बहुतेक वेळा निर्दोष असतात. घोटाळा होतो तो शेवटच्या आठ-दहा अंशांत.

कच्च्या ब्रेस्टच्या वजनात साधारण पाऊण हिस्सा पाणी असतं. चरबी जेमतेम दोन-तीन टक्के. हे पाणी मोकळं साठलेलं नसतं, प्रथिनांच्या बारीक धाग्यांच्या जाळीत अडकलेलं असतं. मांस तापलं की ही प्रथिनं आकसतात आणि पाणी बाहेर ढकलतात. सगळी एकाच वेळी आकसत नाहीत. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मायोसिन नावाचं प्रथिन आवळायला लागतं. काचेसारखं गुलाबी दिसणारं मांस पांढरं होतं, त्याचा लिबलिबीतपणा जातो. साठीच्या पुढे धाग्यांभोवतीचं कोलॅजनचं वेष्टण आवळतं आणि रस सुटू लागतो. ६५-७० च्या पुढे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाची पाळी येते, आणि तिथून पुढचा प्रत्येक अंश रस पिळून काढतो. ८० पार केलेल्या ब्रेस्टवर वरून कितीही लोणी ओता, ते बाहेरच राहतं. आतलं गेलेलं पाणी परत येत नाही.

लेग पीसचं गणित नेमकं उलटं. कोंबडी दिवसभर पायांवर उभी असते, त्यामुळे तिथे कोलॅजन जास्त, चरबीही जास्त. ते कोलॅजन विरघळून मऊ व्हायला ८०-८५ अंश आणि वेळ दोन्ही लागतात. म्हणून तंगडी जास्त शिजली तरी माफ करते, ब्रेस्ट करत नाही. अख्खी कोंबडी एकाच आचेवर लावणाऱ्याचा एक तरी भाग बिघडतो तो यामुळेच.

‘मंद आच, भरपूर वेळ’ हा धुरावरच्या मांसाचा मंत्र अमेरिकेतून आला. तो तिथल्या ब्रिस्केटसारख्या, म्हणजे बीफच्या छातीसारख्या, चिवट भागांसाठी आहे. दहा-बारा तास मंद आचेवर ठेवल्यावर त्यातलं कोलॅजन विरघळतं. ब्रेस्टमध्ये विरघळण्यासारखं फारसं काही नाहीच. त्याला जास्त वेळ ठेवून मिळतं काय, तर वाळलेला पृष्ठभाग. मग मंद आच तरी कशाला? दोन कारणांसाठी. एक, धूर लागायला थोडा वेळ हवा. दुसरं जास्त महत्त्वाचं: आच तीव्र असली की आतला गाभा ६८ ला पोहोचेपर्यंत बाहेरचा थर नव्वदीला गेलेला असतो. आच मंद असली की बाहेर आणि आत यांत फरक कमी राहतो, पूर्ण तुकडा जवळपास एकसारखा शिजतो. फार मंद म्हणजे ८०-९० अंशांवर ठेवलं तर पुन्हा वेळ इतका लांबतो की वरचा भाग पापुद्र्यासारखा वाळतो. माझ्या मते ग्रिलची हवा ११० ते १२० अंशांवर ठेवावी. काही जण आधी ९५ वर धूर देतात आणि मग १५० वर नेतात; त्यातही चूक नाही, फक्त लक्ष जास्त द्यावं लागतं.

७४ अंशांचं काय?

अमेरिकेचा कृषी विभाग घरगुती स्वयंपाकासाठी चिकनच्या गाभ्याचं तापमान ७४ अंश सांगतो, तिकडच्या मापात १६५ फॅरनहाइट. हा आकडा कुणी उगाच काढलेला नाही. ७४ ला साल्मोनेलासारखे जंतू जवळपास क्षणात मरतात, म्हणून तो आकडा सांगायला सोपा आणि चुकायला अवघड. पण जंतू तापमानाने मरतात तसे वेळेनेही मरतात. त्याच विभागाच्या, मांस प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांसाठीच्या तक्त्यांत हे दिसतं: साधारण ६५.५ अंशांना चिकन तीन-चार मिनिटं टिकवलं तरी तेवढीच सुरक्षितता मिळते. ६० ला मात्र अर्धा तास लागतो.

पेलेट ग्रिलवर हे आपल्या फायद्याचं आहे. ११५ अंशांच्या हवेत ब्रेस्टचा गाभा हळूहळू चढतो. ६५ वरून ६८-६९ ला यायलाच काही मिनिटं जातात. ६८-६९ ला उतरवला तरी बाहेरचा थर आतल्यापेक्षा गरम असल्याने गाभा आणखी दोन-तीन अंश वर सरकतो. म्हणजे ६६ च्या वर तो सहज पाच-सात मिनिटं राहतो. फक्त हे गृहीत धरू नका. उतरवल्यावरही थर्मामीटरची सुई आत राहू द्या आणि घड्याळाकडे बघा. घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा आजारी कुणी असेल तर वाद न घालता ७४ ला जा. नीट मीठ मुरवलेला ब्रेस्ट ७४ लाही खाण्यासारखा राहतो.

रंगावरून काहीही ठरवू नका. धुरातले वायू मांसातल्या मायोग्लोबिनला, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला, चिकटले की कडेला गुलाबी रेघ उमटते आणि ती पूर्ण शिजल्यावरही जात नाही. ब्रेस्टमध्ये मायोग्लोबिन कमी, त्यामुळे रेघ पुसटच असते, पण असते. पाहुणे ‘कच्चं राहिलं’ म्हणतील. त्यांना थर्मामीटर दाखवा.

आपल्या दुकानातली कोंबडी

बाहेरच्या रेसिपी वाचून केलेलं चिकन आपल्याकडे बिघडतं त्याचं एक मोठं कारण कुणीच सांगत नाही. तिकडे ब्रेस्ट मिळतो तो कारखान्यात कापून, थंड करून, बऱ्याच तासांनी पाकीटबंद झालेला. आपण चिकन सेंटरवर उभं राहतो, समोर कोंबडी कापली जाते, कातडीसकट पिसं ओढली जातात, आणि ‘बोनलेस करून द्या’ म्हटलं की पाच मिनिटांत ब्रेस्ट हाडावरून सुटून पिशवीत येतो. आपल्याला वाटतं, याहून ताजं काय असणार.

इथेच मेख आहे. कोंबडी मेली तरी तिचे स्नायू लगेच शांत होत नाहीत. पुढचे काही तास ते आखडतात, मग सैल पडतात. ब्रेस्ट हाडाला धरून असेल तर हाड त्याला फार आखडू देत नाही. आखडण्याआधीच तो हाडावरून सोडवला तर मोकळा स्नायू हवा तेवढा आकसतो, आणि तो आकस शिजल्यावर चिवटपणा म्हणून दाताला जाणवतो. मोठे कारखाने म्हणूनच कापल्यानंतर निदान चार तास थंड ठेवून मग ब्रेस्ट सोडवतात. आपल्याला करायचं ते सोपं आहे: दुकानदाराला सांगा, ‘भाऊ, छाती हाडासकटच राहू द्या.’ घरी आणून रात्रभर फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात झाकून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी धारदार सुरीने छातीच्या हाडाला धरून सोडवा. मधल्या हाडाच्या एका बाजूने सुरी खाली उतरवत बरगड्यांना घासत नेली की अख्खा तुकडा निघतो. खाली एक बोटासारखा वेगळा लहान तुकडा लोंबतो, तो काढून ठेवा. तो फार आधी शिजतो. काढलेली हाडं रश्शाला.

दोन किलोच्या आसपासच्या ब्रॉयलरचा एका बाजूचा ब्रेस्ट साधारण २०० ग्रॅम भरतो. याहून फार मोठ्या, झपाट्याने वाढवलेल्या कोंबड्यांत कधी कधी ब्रेस्ट बोटाला कच्चाच टणक लागतो, त्यावर पांढऱ्या रेघा असतात. तो कशानेही मऊ होत नाही, त्याचा खिमा करा. गावरान कोंबडीचा ब्रेस्ट या कामाला नकोच. तो पातळ, आणि कोंबडी वयाने मोठी. तिला रश्शातच मान आहे.

मीठ आधी, मसाला नंतर

‘अहो भाऊ, मीठ आधी लावलं तर सगळं पाणी सुटून जाईल ना?’ शेजारच्या काकूंचा हा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण सुरुवातीला तसंच होतं. मीठ चोळलं की अर्ध्या तासात ताटलीत पाणी दिसतं. घाबरून लगेच शिजवायला घेतलं तर नुकसान नक्की. पण थांबलं तर तेच पाणी मीठ विरघळवून हळूहळू आत जातं. आत गेलेलं मीठ प्रथिनांच्या धाग्यांना एकमेकांपासून किंचित दूर सारतं, धागे फुगतात आणि तापल्यावर पूर्वीइतके घट्ट आवळत नाहीत. म्हणजे पाणी धरून ठेवायची मांसाची ताकदच वाढते. ब्रेस्टसाठी यापेक्षा मोठी मदत दुसऱ्या कशानेही होत नाही, महागड्या पेलेटनेही नाही.

प्रमाण वजनावर ठेवा. एक किलो मांसाला १२ ते १५ ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे सपाट अडीच चमचे, छोट्या चहाच्या चमच्याने. सगळीकडे चोळा, जाळीवर किंवा ताटलीत फ्रीजमध्ये आठ ते बारा तास. घाई असेल तर एक लिटर पाण्यात ५०-६० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दीड-दोन तास बुडवा. मात्र पाण्यात रात्रभर विसरलात तर खारट होतो. मला कोरडं मीठ आवडतं. भांडं कमी लागतं, आणि चव पाण्याने पातळ होत नाही. बाहेरून पाकीटबंद ब्रेस्ट आणलात तर मागचं लेबल वाचा. काहींत मिठाचं पाणी आधीच भरलेलं असतं, त्याला परत मीठ लावलं की झालंच.

मिठाशिवाय दुसरं फारसं काही आत शिरत नाही. हळद, तिखट, काळा मसाला, लसूण, सगळं वरच्या एक-दोन मिलिमीटरांतच राहतं. म्हणून चोवीस तास मसाला लावून ठेवण्यात अर्थ नाही. लिंबू तर लावून ठेवूच नका, वरचा थर पिठूळ होतो. पिळायचं ते खाताना. काळा मसाला ग्रिलवर ठेवण्याच्या थोडं आधी, बोटाला लागेल इतक्या तेलासोबत चोळा. १२० अंशांवर तो जळत नाही, हा मंद आचेचा आणखी एक फायदा. पण हात आखडता ठेवा. काळ्या मसाल्यात भाजलेल्या खोबऱ्याची आणि कांद्याची जळकट चव आधीच असते, त्यावर धूर चढला की कडवटपणाकडे झुकतं. मी नेहमीच्या निम्माच घेतो.

ग्रिलवर नेण्याआधी आणखी एक काम. ब्रेस्ट एका टोकाला तीन-साडेतीन सेंटीमीटर जाड आणि दुसऱ्या टोकाला बोटभरही नाही. जाडी दुप्पट झाली की आत उष्णता पोहोचायला जवळजवळ चौपट वेळ लागतो, त्यामुळे जाड बाजू होईपर्यंत पातळ टोकाचा चोथा होणार हे ठरलेलंच. दुधाची पिशवी फाडून धुऊन घ्या, ब्रेस्ट तिच्या आत ठेवा, आणि फक्त जाड बाजूवर लाटण्याने हलके ठोके द्या. मधून बाहेरच्या दिशेला. तुकडा सगळीकडे अडीच सेंटीमीटरच्या आसपास आला की थांबा. धागे तुटेस्तोवर बडवायचं नाही.

यंत्रात काय चालतं

पेलेट ग्रिलची मूळ कल्पना अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या जो ट्रेगर यांची, १९८० च्या दशकातली. रचना समजून घेतली की निम्मे प्रश्न सुटतात. बाजूच्या पेटीत लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या असतात, पेन्सिलीपेक्षा किंचित बारीक. त्यांत गोंद लागत नाही. भुसा प्रचंड दाबाने छिद्रांतून ढकलताना तापतो, लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि थंड झाल्यावर सगळं बांधून ठेवतं. एक मळसूत्र फिरत फिरत या कांड्या मधल्या छोट्या भट्टीत टाकतं. तिथे विजेवर तापणारी सळई त्यांना पेटवते, खालून पंखा हवा देतो, आणि एक कंट्रोलर आतलं तापमान बघून मळसूत्र कमी-जास्त फिरवतो. भट्टीवर जाड पत्रा असतो, त्यामुळे ज्वाळा मांसाला लागत नाही. चरबीही आगीवर ठिबकत नाही, हे तब्येतीलाही बरं, कारण चरबी निखाऱ्यावर जळून होणाऱ्या धुरात बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्यं जास्त असतात.

हे सगळं विजेवर चालतं, आणि इथे खान्देश आडवा येतो. अमेरिकेतून आणलेलं यंत्र १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० वर थेट लावलं तर कंट्रोलर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी, बाकी नंतर. पेटताना सळई दोन-तीनशे वॅट खाते, त्यानंतर पंखा आणि मोटर मिळून पन्नासेक वॅटवर काम चालतं, म्हणजे घरातला इन्व्हर्टर भार सहज उचलतो. लाइट मध्येच गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर झाकण उघडू नका. पंधरा-वीस मिनिटं आतली उष्णता टिकते. त्याहून लांबलं तर ब्रेस्ट गॅसवर झाकण ठेवून पूर्ण करा. लाइट आल्यावर भट्टीत साचलेल्या कांड्या बघूनच यंत्र पुन्हा चालू करा, नाहीतर साचलेला ढीग एकदम भडकतो.

धुराची चव येते ती मुख्यतः लिग्निन तापून फुटल्यावर निघणाऱ्या ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशा द्रव्यांमुळे. पेटवल्यावर पहिली काही मिनिटं जो दाट पांढरा धूर येतो तो अर्धवट जळालेला, कडवट. तो सरून धूर पातळ निळसर झाला, किंवा उन्हात जेमतेम दिसेनासा झाला, की मग मांस ठेवा. धूर दिसत नाही म्हणून काळजी करू नका, नाकाला कळतो.

धूर चिकटतो तो थंड आणि ओलसर पृष्ठभागावर. ब्रेस्ट थेट फ्रीजमधून ग्रिलवर ठेवायचा तो यासाठी. ‘आधी बाहेर काढून सामान्य तापमानाला आणा’ हा सल्ला भुसावळच्या मे महिन्यात तर विसराच. ३२ अंशांच्या वर कच्चं मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असं अमेरिकेचाच नियम सांगतो, आणि आपल्याकडे दुपारी सावलीत ४४ असतात. पहिल्या अर्ध्या तासात बहुतेक धूर लागून जातो. पुढे पृष्ठभाग सुकला की नवा धूर फारसा धरत नाही. आत पाण्याचं एक छोटं भांडं ठेवलं तर पंख्याच्या हवेने होणारं वाळणं कमी होतं. मी ते ठेवतोच, कारण आपली उन्हाळ्यातली हवा आधीच कोरडी.

कोणत्या लाकडाचा धूर

पेलेट हा शब्द आपल्याकडे नवा नाही. कपाशीच्या काड्या, सोयाबीनचा भुसा यांच्या पेलेट आणि ब्रिकेट बॉयलरसाठी बनतात. औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत जाळायलाही त्या जातात. स्वस्त मिळतात म्हणून त्या ग्रिलमध्ये ओतायचा मोह होतो. एकाने मला विचारलंच, ‘आपलं भरीत कपाशीच्या काड्यांवरच भाजतो ना, मग चिकनला काय झालं?’

प्रश्न चोख आहे. यावल-रावेरकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी बसते तेव्हा हिरवी मोठी वांगी वाळलेल्या कपाशीच्या काड्यांवरच भाजतात, आणि ती चव गॅसवर येत नाही. पण वांग्याला साल असते. काजळी, राख, काडीवर राहिलेलं जे काही असेल ते बहुतांश सालीवर बसतं आणि साल आपण सोलून फेकतो. वांगं जास्त भाजलं तरी बिघडत नाही, उलट तेच हवं असतं. ब्रेस्टला साल नाही, आपल्याकडे तर कातडीही नाही. धुरातलं जे बसेल ते सगळं आपण खातो, तेही तासभर बसलेलं. कपाशीवर किती फवारण्या होतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. शिवाय बॉयलरच्या पेलेटमध्ये काय मिसळलंय याची हमी कुणी देत नाही. ग्रिलमध्ये फक्त खाण्यासाठी म्हणून विकलेल्या, निव्वळ लाकडाच्या पेलेट घाला. सॉ मिलचा भुसाही नको. त्यात सागवान, प्लाय, रंग लावलेलं लाकूड काहीही असतं.

आपल्या झाडांची चव हवी असेल तर ग्रिलच्या कोपऱ्यात जाळीदार नळीत किंवा लोखंडी डबीत लाकडाच्या थोड्या चिपळ्या ठेवून धुमसू देता येतात. आंबा आणि पेरू ब्रेस्टला चांगले, धूर सौम्य असतो. लाकूड वर्षभर वाळलेलं, बुरशी नसलेलं, फवारणी न झालेल्या झाडाचं. कडुनिंब अजिबात नको, कडवट होतं. गंमत म्हणजे टेक्सासवाले धुरासाठी ज्या मेस्कीट नावाच्या झाडाचं कौतुक करतात, त्याच्याच कुळातली वेडी बाभूळ आपल्या नाल्याकाठी माजलेली आहे. तिचा धूर तितकाच उग्र असतो, मटणाला शोभेल. ब्रेस्टला तिची एखादी चिपळीही पुष्कळ.

पावसाळ्यात पेलेटची पिशवी उघडी ठेवली की कांड्या ओल धरून फुगतात, भुसा होतो आणि मळसूत्र अडकतं. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, आणि पावसाळ्यात यंत्रातल्या उरलेल्या कांड्याही दर वेळी काढून त्यातच ठेवा.

ग्रिलवर

ग्रिल ११५ अंशांवर स्थिर होऊ द्या, पंधरा मिनिटं तरी. ब्रेस्ट जाळीवर एकमेकांना न चिकटवता ठेवा, जाड बाजू जिथे यंत्र जास्त तापतं तिकडे. ती जागा ओळखायला एकदा रिकाम्या जाळीवर पावाचे स्लाइस पसरून बघा, कुठला आधी लालसर होतो ते. थर्मामीटरची सुई वरून खुपसू नका. जाड टोकाकडून आडवी, गाभ्याच्या मध्यापर्यंत न्या. सुई थोडी जरी वर-खाली झाली तरी आकडा चार-पाच अंशांनी खोटं बोलतो. यंत्रासोबत आलेल्या सुईवर डोळे झाकून विश्वास ठेवण्याआधी ती उकळत्या पाण्यात धरा. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आकडा ९९ च्या पुढे यायला हवा. बर्फाच्या पाण्यात शून्य.

मग झाकण लावून बाजूला व्हा. पालटायची गरज नाही. अडीच-तीन सेंटीमीटर जाडीला पाऊण ते सव्वा तास लागतो, पण घड्याळ हा फक्त अंदाज. दर पाच मिनिटांनी झाकण उचलून बघणाऱ्याचा ब्रेस्ट उशिरा होतो आणि जास्त वाळतो. गाभा ६० ला आला की हातातलं काम सोडा. तिथून पुढे लक्ष हवं. ६८-६९ ला काढा. घरात नाजूक कुणी असेल तर आधी सांगितल्याप्रमाणे ७४. काढून जाळीवरच सात-आठ मिनिटं ठेवा, वर फॉइल सैल टाका. घट्ट गुंडाळलं तर वाफेने मसाल्याचा थर लिबलिबीत होतो आणि तापमानही हवं त्यापेक्षा वर जातं.

कापताना धागे कोणत्या दिशेने गेलेत ते बघा आणि त्यांना आडवी सुरी चालवा, बोटाच्या जाडीचे काप. धाग्यांच्या दिशेने कापलात तर नीट शिजलेला ब्रेस्टही दातात दोऱ्या होऊन अडकतो. ताटलीत जो रस उतरेल तो फेकू नका, हिरव्या मिरचीच्या ठेच्यात एक चमचा मिसळा.

उरलेला ब्रेस्ट तासाभराच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला जाल तर आदल्या दिवशी वाचवलेला सगळा रस जाईल, आणि धुराचा वास उग्र, शिळा होऊन वर येईल. थंडच पातळ कापून भाकरीत गुंडाळा, सोबत कांदा, ठेचा. नाहीतर शेवभाजीचा रस्सा उकळा, गॅस बंद करा, आणि मग काप त्यात सोडून दोन मिनिटं झाकण ठेवा. शेव त्याच्याही नंतर.